गिंबलच्या आधी माइक: व्हिडिओ आणि ब्लॉगकडे वळणाऱ्या फोटोग्राफरसाठी

मुलुंडहून एका फोटोग्राफर मैत्रिणीने विचारलंय: "पाच वर्षं फोटो काढते आहे. लग्नाची कामं घेते आणि सुट्टीच्या दिवशी दादरचा फुलबाजार, गिरगाव, भाऊचा धक्का असं फिरते. मिररलेस कॅमेरा आहे, सोबत अठरा-पंचावन्नची झूम लेन्स आणि पन्नासची प्राइम (झूम नसलेली) लेन्स. आता व्हिडिओ आणि मराठी ब्लॉग सुरू करायचाय. हातात चाळीस हजार आहेत. गिंबल (चालताना कॅमेरा स्थिर ठेवणारी दांडी) घेऊ, की फोर-केवाला नवा कॅमेरा? माझे व्हिडिओ हलत्या फोटोंसारखे दिसतात, असं का होतं? आणि लग्नांचे जुने फोटो ब्लॉगवर टाकले तर चालतात का?"

मी आधी दुसरा प्रश्न घेतो, व्हिडिओ हलत्या फोटोंसारखे का दिसतात हा. त्याचं उत्तर कळलं की पहिल्या प्रश्नातले बरेचसे पैसे वाचतील.

आपल्याला फोटोची सवय असते. आपण वाट बघतो, क्षण आला की बटण दाबतो आणि कॅमेरा खाली घेतो. व्हिडिओतही आपण नेमकं हेच करतो. काहीतरी घडायला लागलं की रेकॉर्डिंग सुरू आणि घडून गेलं की बंद. मग एडिटिंगला बसलो की हातात पाच-सहा सेकंदांचे तुकडे येतात. प्रत्येक तुकडा देखणा असतो, पण एकालाही सुरुवात नसते आणि शेवटही नसतो.

मला हे लालबागच्या एका गणपती कारखान्यात कळलं. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी चालली होती. मूर्तिकार परांचीवर बसलेले होते. ब्रश रंगात बुडवून त्याचं टोक ते अंगठ्याच्या नखावर फिरवत, मग नखावरच एक बारीक रेघ ओढून बघत. रेघ मनासारखी आली की डाव्या हाताने उजवं मनगट धरत आणि ब्रश पापणीच्या कडेला टेकवत. मी ब्रश टेकला तेव्हा रेकॉर्डिंग सुरू केलं आणि रेघ पुरी झाली तेव्हा बंद केलं. घरी येऊन बघितलं तर सात सेकंद. फोकस अचूक, उजेड सुंदर, आणि तरीही त्यात काहीच नव्हतं.

दुसऱ्या वर्षी पुन्हा गेलो आणि नुसता बसून राहिलो. तेव्हा लक्षात आलं की आखणीच्या आधी ते खाली काम करणाऱ्या पोराला हाक मारतात, "बंद कर रे ते." ते म्हणजे स्प्रेगनचा कॉम्प्रेसर, कारण त्याच्या थरथरीने फळी हलते. दिवसभर घरघरणारा कॉम्प्रेसर थांबला की सगळा कारखाना एकदम गप्प होतो. त्या शांततेत रेघ ओढली जाते. मग ते मागे सरकून श्वास सोडतात, मान तिरकी करून बघतात आणि म्हणतात, "चालू कर." पुन्हा घरघर. खरी गोष्ट कॉम्प्रेसर बंद होण्यापासून तो पुन्हा सुरू होईपर्यंतची होती, आणि तिचा अर्धा भाग आवाजात होता. मी आधीच्या वर्षी तिचा फक्त मधला तुकडा उचलला होता, तोही कॅमेऱ्याच्या माइकवर.

म्हणून व्हिडिओतली पहिली सवय ही लावून घ्या. काही घडेल असं वाटताच रेकॉर्डिंग सुरू करा, घडून गेल्यावर मनात दहापर्यंत मोजा आणि मगच थांबवा. मधे कॅमेरा हलवू नका, झूम करू नका. माणूस फ्रेमबाहेर जात असेल तर जाऊ द्या. रिकामी फ्रेम दोन सेकंद टिकली की तिथे पुढचा शॉट आरामात जोडता येतो. फुलबाजारात हार करणाऱ्या मावशींचे हात घेतलेत, तर तेवढ्यावर निघू नका. त्यांचा चेहरा घ्या, खांद्यामागून हात आणि हार एकत्र दिसेल असा शॉट घ्या, थोडं लांब जाऊन आजूबाजूची गर्दी आणि झेंडूच्या टोपल्या घ्या. शेवटी त्यांना बसल्या जागेवरून जे दिसतं ते घ्या: येणारी-जाणारी पावलं, हातगाडीचं चाक. एका कामाचे हे पाच शॉट प्रत्येकी दहा सेकंदांचे असले, तर हलते फोटो ही तक्रार तिथेच संपेल. फोटोग्राफर म्हणून फ्रेम तुम्हाला येतेच. थांबायला मात्र नव्याने शिकावं लागतं.

आता पैशांचं. गिंबल घेऊ नका, निदान यंदा तरी नको. दादर स्टेशनबाहेरच्या गर्दीत गिंबल घेऊन चालणं म्हणजे लोकांचे धक्के खाणं, आणि तुमचे विषय तर बसून हाताने काम करणारी माणसं आहेत. एक मोनोपॉड, म्हणजे एका पायाचा स्टँड, घ्या. तिपाई उघडली की सुरक्षारक्षक येतो, मोनोपॉडकडे सहसा कुणी लक्ष देत नाही. नवा कॅमेराही नको. फुल एचडीत नीट काढलेला व्हिडिओ मोबाइलवर उत्तम दिसतो. तुमच्या कॅमेऱ्यात फोर-के असेल तर जरूर वापरा, पण कार्डाचा हिशेब आधी करा. सेकंदाला १०० मेगाबिटच्या सेटिंगवर सेकंदाला १२.५ मेगाबाइट, म्हणजे मिनिटाला साधारण ७५० मेगाबाइट आणि तासाला ४५ जीबी लागतात. ६४ जीबीचं कार्ड जेमतेम दीड तास पुरतं. कार्डावर व्ही-३० लिहिलेलं आहे का ते बघून घ्या. सेकंदाला किमान ३० मेगाबाइट लिहिण्याची ती हमी असते.

पैसे आवाजावर घाला. चित्र थोडं डळमळलं, थोडं काळोखं आलं तरी माणसं बघतात. बोलणं कळलं नाही की बंद करतात. कॅमेऱ्यातला माइक समोरच्या माणसापेक्षा लेन्सच्या मोटरच्या जास्त जवळ असतो. त्याला फोकसची टिकटिक ऐकू येते, तुमचा श्वास ऐकू येतो आणि मागच्या बसचा हॉर्नही. तारेचा कॉलर माइक हजार-दीड हजारात मिळतो. तो मोबाइलला जोडा, मोबाइल बोलणाऱ्याच्या खिशात ठेवा आणि सुरुवातीला एकदा टाळी वाजवा. नंतर एडिटिंगमध्ये टाळीचा आवाज आणि टाळीची फ्रेम जुळवली की काम झालं. पुढे वायरलेस संच घ्यालच. घेण्याआधी फोर्टमधल्या बोरा बाजारात, कॅमेऱ्याच्या दुकानांत चक्कर मारून दोन-तीन संच कानाला लावून ऐका. ऑनलाइन परीक्षणं वाचून आवाज कळत नाही.

माइक लावण्यातही अक्कल लागते. लग्नात नवरीच्या पैठणीच्या काठाला माइक लावला तर जर घासून खरखर येते. केमिस्टकडे मिळणारा कागदी पेपर टेप घ्या, माइकच्या वायरला छोटासा फास देऊन ती टेपने कापडाला चिकटवा, म्हणजे कापड हललं तरी ताण माइकपर्यंत पोचत नाही. मरीन ड्राइव्हला किंवा बँडस्टँडला समुद्राचा वारा असतो. तिथे माइकवर केसाळ टोपी हवीच, फोमच्या टोपीचा फारसा उपयोग होत नाही. आवाजाची पट्टी उणे १२ डेसिबलच्या आसपास खेळेल अशी ठेवा. एकदा फाटलेला आवाज कुठल्याही सॉफ्टवेअरने पुरता दुरुस्त होत नाही. आणि प्रत्येक ठिकाणाहून निघताना कुणी न बोलता तिथला नुसता आवाज अर्धा मिनिट रेकॉर्ड करून आणा. दोन वाक्यांमधला कापलेला भाग भरायला तो लागतो. कारखान्याचा, बाजाराचा, देवळाच्या गाभाऱ्याचा, प्रत्येकाचा तो आवाज वेगळा असतो.

घरी निवेदन रेकॉर्ड करायचं असेल तर रात्री अकरानंतर करा. शेजारचे कुकर आणि मिक्सर तेव्हा थांबलेले असतात. पंखा बंद, फ्रिजपासून लांब, कपड्यांनी भरलेलं कपाट उघडून त्याच्याकडे तोंड करून बसा आणि पाठीमागे दोरीवर गोधडी टाका. मी कित्येक वर्षं असंच करतो आहे.

कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये एक गोष्ट आपल्याकडे फार महत्त्वाची आहे, आणि परदेशी व्हिडिओ बघून शिकणाऱ्यांची हमखास तिथे चूक होते. आपली वीज ५० हर्ट्झची आहे. ट्यूबलाइट आणि बरेच स्वस्त एलईडी दिवे त्यामुळे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. डोळ्याला ते दिसत नाही, पण कॅमेऱ्याला दिसतं. तुम्ही सेकंदाला ३० फ्रेम आणि १/६० सेकंदाचं शटर ठेवलंत की हॉलमधल्या व्हिडिओत काळसर पट्टे सरकायला लागतात. माझा एका लग्नाचा अख्खा संगीत कार्यक्रम असा गेला. छोट्या स्क्रीनवर मला ते दिसलंच नाही, घरी मोठ्या पडद्यावर दिसलं. म्हणून मेनूत जाऊन एनटीएससी (३० आणि ६० फ्रेमची पद्धत) बदलून पाल (२५ आणि ५० फ्रेमची) करा. तसं करताना काही कॅमेरे कार्ड फॉरमॅट करायला सांगतात, तेव्हा आधी कार्ड रिकामं करून घ्या. मग २५ फ्रेमला शटर १/५० आणि संथ गतीसाठी ५० फ्रेम घेतल्या तर १/१००. हे दोन्ही आकडे आपल्या विजेशी जुळतात आणि हालचालही डोळ्याला सहज वाटते. स्टेजवरच्या एलईडी पडद्याचं मात्र गणित वेगळं असतं. त्याच्या लुकलुकण्याचा आपल्या विजेशी संबंध नसतो, त्यामुळे तिथे कार्यक्रमाआधी दहा सेकंद काढून मोठं करून बघणं हाच उपाय.

आता फोटोग्राफरला अडचण येते ती दिवसा. फोटोत आपण उजेड वाढला की शटरचा वेग वाढवतो. इथे शटर १/५० वर खिळवलेलं आहे. भर दुपारच्या उन्हात आयएसओ १०० ला एफ १६ आणि १/१०० असं साधारण एक्स्पोजर येतं. तुम्हाला मागची गर्दी धूसर करायला एफ २.८ हवं असेल तर ॲपर्चरचे पाच स्टॉप आणि शटरचा एक, असा सहा स्टॉप जास्तीचा उजेड आत येतो (दर स्टॉपला उजेड दुप्पट होतो). तो अडवायला एनडी ६४ चा, म्हणजे उजेड ६४ पटीने कमी करणाऱ्या गडद काचेचा फिल्टर लागतो. फिरवून गडद करायचा व्हेरिएबल एनडी सोयीचा आहे, पण स्वस्तातला शेवटपर्यंत फिरवला की वाइड लेन्सवर आकाशात काळी फुली उमटते. त्या टोकापर्यंत जाऊ नका. फिल्टर आणायला विसरलात तर सावली शोधा. फोर्टच्या कमानींखाली दुपारीसुद्धा सुरेख उजेड असतो.

व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं यासाठीचं सेटिंग, ऑटोवर ठेवू नका. फोटोत रॉ, म्हणजे सेन्सरची कच्ची फाइल असते, नंतर निस्तरता येतं. व्हिडिओत ऑटो असेल तर पिवळी साडी नेसलेली बाई फ्रेममध्ये आली की पूर्ण चित्राचा रंग हळूहळू निळसर होतो, आणि तो बदल शॉटच्या मधोमध होतो. केल्विनचा, म्हणजे उजेडाच्या रंगाचा आकडा ठरवा आणि त्या जागी तोच ठेवा. लॉग प्रोफाइल (नंतर रंग चढवता यावेत म्हणून मुद्दाम फिकं चित्र देणारं सेटिंग) सध्या विसरा. आठ बिटच्या, म्हणजे मोजक्या रंगछटांच्या फाइलला ताणलं की आकाशात रंगाच्या पायऱ्या दिसायला लागतात. आणि लोकल अगदी जवळून धडधडत गेली की तिच्या खिडक्या तिरक्या दिसतील. सेन्सर चित्र वरून खाली ओळीओळीने वाचतो म्हणून तसं होतं, कॅमेरा बिघडलेला नाही. थोडं लांबून घ्या.

परवानग्यांचंही बोलायला हवं. रेल्वेच्या हद्दीत व्यावसायिक चित्रीकरणाला रेल्वेची परवानगी लागते. धक्क्यांवरही गेटवर विचारूनच आत जा. कागदावरच्या परवानगीइतकीच माणसाची परवानगीही महत्त्वाची. भाऊच्या धक्क्यावर किंवा मासळीबाजारात कोळीणमावशींची बोहनी व्हायच्या आत कॅमेरा बाहेर काढू नका. थोडं थांबा, मासळी घ्या, मग विचारा, "मावशी, तुमचं काम चालू असताना थोडं शूटिंग करू का?" नाही म्हणाल्या तर राग मानू नका, पुढच्या आठवड्यात पुन्हा जा. मला मिळालेले सगळ्यात चांगले शॉट तिसऱ्या-चौथ्या फेरीतले आहेत. तोवर त्यांना माझी सवय झालेली असते आणि कॅमेऱ्याकडे कुणी बघत नाही.

एडिटिंगसाठी सुरुवातीला पैसे घालवायची गरज नाही. डा विंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती फोर-केपर्यंत एक्स्पोर्ट देते. मराठी पाट्या टाकताना मात्र जपा. काही सॉफ्टवेअरमध्ये "शिवडी" लिहिलं तर ऱ्हस्व वेलांटी "श"च्या उजवीकडे जाऊन बसते आणि जोडाक्षरं सुटी होतात. ॲडोबी प्रीमियरमध्ये असं झालं तर ग्राफिक्सच्या प्रेफरन्सेसमध्ये साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न हे टेक्स्ट इंजिन निवडा. फॉन्ट युनिकोडच हवा. "मुक्त" (Mukta) आणि "बलू" (Baloo) हे दोन्ही फॉन्ट मुंबईच्या "एक टाइप" (Ek Type) या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेने केलेले आहेत, मोफत मिळतात आणि छोट्या पडद्यावर स्वच्छ वाचता येतात. संगीताच्या बाबतीत, सिनेमाचं गाणं लावू नका एवढं सगळे सांगतात. पण मंडपातल्या लाउडस्पीकरवर वाजणारं गाणं तुमच्या शॉटमध्ये मागे आलं तरी यूट्यूब ते ओळखतं आणि हक्काचा दावा येतो. म्हणून मुलाखत मंडपापासून लांब घ्या आणि मंडपातल्या दृश्यांचा मूळ आवाज काढून त्यांवर यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीतलं संगीत टाका.

आता ब्लॉग. रील आठवड्यात वाहून जाते. ब्लॉगवरचा लेख चार वर्षांनी कुणीतरी "आखणी म्हणजे काय" असं शोधताना सापडतो. तुमचं नाव असलेलं डोमेन घ्या, मजकूर मराठीत, युनिकोडमध्ये लिहा. जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमध्ये टाइप केलेलं शोधात येत नाही. फोटोच्या फाइलचं नाव कॅमेऱ्याने दिलेल्या आकड्यांचं ठेवू नका आणि प्रत्येक फोटोला पर्यायी मजकूर द्या. दिसत नसलेल्या वाचकाला स्क्रीन रीडर तोच वाचून दाखवतो.

फोटोचा आकार हा माझा जिव्हाळ्याचा विषय आहे. तुमच्या २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची जेपेग दहा मेगाबाइटच्या घरात जाते. वाचक ती लोकलमध्ये कुर्ला आणि शीवच्या मधे उघडणार आहे. लांब बाजू २००० पिक्सेल, गुणवत्ता ७५ ते ८० आणि रंग एसआरजीबी (वेबवरची नेहमीची रंगपद्धत), असं एक्स्पोर्ट करा. फाइल अर्ध्या मेगाबाइटच्या आसपास येते आणि मोबाइलवर फरक कळत नाही. ॲडोबी आरजीबीत टाकलात तर बऱ्याच ठिकाणी रंग मरगळलेले दिसतील. कुणाच्या घरी किंवा पक्ष्याच्या घरट्यापाशी काढलेला फोटो असेल तर जागेची माहिती फाइलमधून काढून टाका.

आणि लिहायचं काय? फोटोत जे दिसतंय ते पुन्हा लिहू नका. "गणपतीची मूर्ती रंगवताना मूर्तिकार" ही ओळ वाचकाला काहीच देत नाही. त्याऐवजी मी असं लिहिलं होतं: "आखणी सकाळीच करतात. दुपारी हात जड पडतो, असं ते म्हणाले. आखणीच्या दिवशी ते सकाळपासून चहा घेत नाहीत." फोटो हे सांगू शकत नाही, म्हणून ते शब्दांनी सांगायचं. यासाठी खिशात वही ठेवा आणि माणसाचं बोलणं त्याच्याच शब्दांत तिथल्या तिथे टिपून घ्या. घरी आल्यावर आठवून लिहिलं की ते आपल्या भाषेत उतरतं आणि त्यातली चव जाते. व्हिडिओतही आवाज येतोच, पण वहीतली ओळ ब्लॉगचं शीर्षक होऊन जाते असं माझ्या बाबतीत अनेकदा झालंय.

पावसाळ्यात एवढंच बघा की एसीतून बाहेर पडताना कॅमेरा बॅगेतच वीस मिनिटं राहू दे, नाहीतर लेन्सवर धुकं धरतं. घरी हवाबंद डब्यात सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक ठेवा. काटा ४५ टक्क्यांच्या आसपास असावा. मुंबईच्या दमट हवेत बुरशी लेन्स खाते.

शेवटचा प्रश्न लग्नाच्या फोटोंचा. फोटो मी काढला म्हणजे हक्क माझा, असं बहुतेकांना वाटतं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात तसं नाही. कुणी पैसे देऊन, सांगून फोटो काढून घेतले असतील आणि तुमच्यात वेगळा करार नसेल, तर कॉपीराइटचा पहिला मालक तो ग्राहक असतो. म्हणजे रस्त्यावर स्वतःहून काढलेले फोटो तुमचे, पण लग्नाचे कराराशिवाय तुमचे नाहीत. शिवाय त्यात कुणाची तरी आजी आहे, लहान मुलं आहेत. त्यांना ब्लॉगवर यायचं आहे की नाही, हेही विचारायला हवं. जुन्या लग्नांसाठी त्या त्या कुटुंबाला नेमके कोणते फोटो टाकायचे आहेत ते पाठवून लेखी होकार मागा. व्हॉट्सॲपवरचा होकारही जपून ठेवा. बहुतेक जण आनंदाने हो म्हणतात, एखादं कुटुंब नाही म्हणतं, त्यांचा फोटो टाकू नका. आणि इथून पुढे बुकिंगच्या कागदावर सहीच्या वर ही ओळ छापून घ्या: "या समारंभाच्या छायाचित्रांचा व चित्रफितींचा कॉपीराइट छायाचित्रकाराकडे राहील, कुटुंबाने निवडून दिलेली छायाचित्रेच छायाचित्रकार आपल्या संकेतस्थळावर प्रसिद्ध करेल." दुसरा अर्धा भाग वाचला की लोक पहिल्या अर्ध्यावर निश्चिंत मनाने सही करतात, असा माझा अनुभव आहे.